गोठ्याच्या शेडचे खांब काँक्रीटमध्ये पक्के कसे बसवायचे? तुमच्या प्रश्नांची उत्तरं

नमस्कार मंडळी. गेल्या पंधरा दिवसांत शेडबद्दल बरेच प्रश्न आले. एका दादांनी विचारलंय की गोठ्यात ४ इंच कोबा (सिमेंटची जमीन) आधीच झालाय, त्यावरच बेस प्लेट (खांबाच्या बुडाची लोखंडी प्लेट) ठेवून फास्टनर (भोकात ठोकून बसवायचे बोल्ट) मारले तर चालेल का. दुसऱ्यांची जमीन काळी आहे, खड्डा किती खोल घ्यायचा. तिसऱ्यांचा फॅब्रिकेटर म्हणतो पाइप सरळ काँक्रीटमध्ये गाडू, प्लेट-बोल्टचा खर्च कशाला. आणि एका ताईंकडे सागाच्या बल्ल्या पडून आहेत, त्या वापरायच्या आहेत. सगळ्यांना एकत्रच सांगतो कारण मूळ गोष्ट एकच आहे.

शेड बांधताना आपण सगळे वजन खाली किती येईल याचाच विचार करतो. पण पत्र्याची शेड वजनाने बसत नाही, ती उडते. मी वादळानंतर पंचनाम्याला जातो तेव्हा हेच बघतो. एका ठिकाणी आख्खी शेड शेजारच्या उसात जाऊन पडली होती, पाइप कुठेच वाकला नव्हता, वेल्डिंग तुटलं नव्हतं, आणि प्रत्येक खांबाच्या बुडाला घमेल्याएवढा काँक्रीटचा गोळा तसाच चिकटलेला. म्हणजे लोखंड चांगलं, काम चांगलं, फक्त खाली धरून ठेवायला वजन नव्हतं. दोन गाई पत्र्याखाली आल्या होत्या, त्यांच्या मालकीण माउलीच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

आता थोडा हिशोब करू, कंटाळू नका. २० बाय ४० फुटांची शेड, १०-१० फुटांवर खांब, दोन रांगांत मिळून १० खांब. मधल्या एका खांबाच्या वाट्याला १०० चौरस फूट पत्रा येतो. बाजूनं उघड्या शेडमध्ये वारा आत घुसून पत्र्याला खालून ढकलतो आणि वरून जाणारा वारा पत्र्याला वर ओढतो, दोन्ही एकाच वेळी. जोराच्या वाऱ्यात ही ओढ चौरस फुटाला ५-६ किलो सहज धरायची, म्हणजे एका खांबाला ५०० ते ६०० किलो वर उचलणारं बळ. पत्रा, पर्लिन (पत्र्याखालचे आडवे पाइप), कैची (छपराचा तिकोनी सांगाडा) यांचं वजन त्यातून १००-१५० किलो वजा करा. उरलेले चार-साडेचारशे किलो कोण धरणार? खड्ड्यातलं काँक्रीट. एक घनफूट काँक्रीट साधारण ६८ किलो भरतं. १ बाय १ फूट आणि दीड फूट खोल खड्डा भरला तर जेमतेम १०० किलो. तेच २ बाय २ फूट आणि अडीच फूट उंचीचं काँक्रीट घेतलं तर १० घनफूट, ६८० किलो. फरक समोर आहे. एका खड्ड्याला सव्वादोन गोण्या सिमेंट लागतं, १० खांबांना बावीस-तेवीस गोण्या. हा खर्च वाचवू नका, वाटलं तर पत्रा साध्या रंगाचा घ्या.

हे आकडे नेहमीच्या छोट्या शेडचे आहेत. वाऱ्याच्या वेगाचा जो भारतीय मानक नकाशा आहे त्यात पुणे, नाशिक सेकंदाला ३९ मीटरच्या पट्ट्यात येतात म्हणजे ताशी १४० किलोमीटर, मुंबई आणि नागपूर ४४ मीटरच्या. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडात आलं तेव्हा श्रीवर्धनकडच्या लोकांनी हे डोळ्यांनी पाहिलंय. त्यामुळे किनाऱ्याला, टेकडीच्या माथ्यावर, किंवा ३० फुटांपेक्षा रुंद शेड असेल तर इंजिनिअरकडून डिझाइन करून घ्या, माझ्या आकड्यांवर जाऊ नका.

आता कोब्याचा प्रश्न. दादा, नका करू. ४ इंची कोब्यात सळई नसते, त्यात ३ इंच गेलेला फास्टनर सिमेंटचा तुकडा घेऊन निघतो, आणि फास्टनर टिकला तर कोबा तडकतो. कटरनं प्रत्येक खांबाच्या जागी अडीच फुटांचा चौकोन कापून घ्या, खाली खड्डा करा, नवीन फुटिंग (खांबाखालचा काँक्रीटचा पाया) भरा. दोन दिवसांचं काम आहे. आणि केमिकल अँकर (भोकात रसायनानं चिकटवलेला बोल्ट) चांगला असतो, पण तो जाड, सळईच्या काँक्रीटमध्ये, तुमच्या कोब्यात नाही.

काळ्या जमिनीत गंमत वेगळी. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि त्या भेगांसोबत फुटिंग वरखाली होतं, मग एक खांब अर्धा इंच वर, दुसरा खाली, पत्र्याचे स्क्रू ढिले. मुरूम लागेपर्यंत खाली जा. ३-४ फुटांत लागला तर उत्तम. खूप खोल असेल तर खड्डा रुंद घ्या, तळाला फूटभर मुरूम पाणी मारून ठोकून बसवा आणि बाजूनेही काळी माती परत भरू नका, मुरूमच भरा. खड्डा वर अरुंद आणि तळाला थोडा रुंद कोरला तर अजून छान, वरची माती दाबून धरते. आपले गडी नेमकं उलटं करतात, वर रुंद आणि खाली निमुळता, तसा गोळा उपटायला सोपा जातो, म्हणून खड्डा भरायच्या आधी स्वतः आत बघा.

प्लेट की पाइप गाडायचा, याला सरळ हो-नाही नाही. गाडलेला खांब आडव्या वाऱ्याला ताठ उभा राहतो, प्लेटवरचा खांब तेवढा ताठ नसतो, त्याला कोपऱ्यात तिरप्या पट्ट्या लागतातच. पण गोठ्यात मी प्लेटच सांगेन, कारण गोमूत्र आणि रोजचं धुण्याचं पाणी. पाइप जिथं काँक्रीटमध्ये शिरतो तिथंच साचतं आणि तिथंच कुजतो, वरून रंग दिसतो आणि बोटानं दाबलं की पापुद्रा निघतो. गाडायचाच असेल तर तळाला ३-४ इंच काँक्रीट टाकून त्यावर पाइप टेकवा, बुडाला फूटभर अँगलचा आडवा तुकडा वेल्ड करा म्हणजे पाइप सरकून वर येणार नाही, आणि जमिनीवर पाइपभोवती काँक्रीटची उतरती टोपी करा, पाणी थांबायला नको.

प्लेटचं काम असं करा. तळाच्या फुटिंगमध्ये सळईची जाळी, त्यातून १२ एमएमच्या चार उभ्या सळया रिंगांसह वर आणायच्या आणि त्याभोवती १५ इंची चौकोनी पेडेस्टल (फुटिंगवरचा काँक्रीटचा आखूड खांब), गोठ्याच्या जमिनीपासून फूटभर वर. या उभ्या सळया विसरू नका, कारण बोल्ट बसतो पेडेस्टलमध्ये आणि वजन आहे खालच्या फुटिंगमध्ये, दोघांना जोडणारं दुसरं काही नाही. ३ इंची पाइपला १० इंची प्लेट, जाडी १० ते १२ एमएम, १६ एमएमचे चार फाउंडेशन बोल्ट, खाली हुक, काँक्रीटमध्ये दीड फूट तरी गेलेले. बोल्ट पेडेस्टलच्या कडेपासून ३-४ इंच आत हवेत.

सगळ्यात जास्त चुका इथं होतात. मिस्त्री काँक्रीट ओतल्यावर बोल्ट हातानं खुपसतो, दुसऱ्या दिवशी प्लेटची भोकं जुळत नाहीत, मग गॅस कटरनं भोक मोठं करतात नाहीतर बोल्ट हातोड्यानं वाकवतात. त्यापेक्षा प्लायवूडच्या तुकड्याला प्लेटसारखीच भोकं पाडून त्यात बोल्ट आधीच अडकवा, आट्यांना ग्रीस लावून टेप गुंडाळा, लाइनदोरी आणि ओळंबा लावा, मग ओता. २० बाय ४० च्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा, दोन्ही ४४ फूट साडेआठ इंचांच्या आसपास आणि एकमेकांएवढे आले म्हणजे गुण्यात (काटकोनात) आहे.

माल दीड वाळू, तीन खडी, एक सिमेंट. एका गोणीला २५ लिटरच्या वर पाणी नको, वाळू ओली असेल तर अजून कमी. पातळ माल ओतायला सोपा म्हणून गडी पाणी वाढवतात आणि ताकद तिथंच जाते. दहा दिवस गोणपाट टाकून ओलं ठेवा, आणि सात दिवसांच्या आत कैची चढवू नका, फॅब्रिकेटर घाई करेल तरी. खांब उभा केल्यावर प्लेटखाली खालच्या नटांवर इंचभर जागा ठेवून ओळंब्यात आणायचं आणि मग ती जागा ग्राउटनं (सिमेंटच्या बारीक मालानं) गच्च भरायची. पोकळ ठेवली तर पाणी आत बसतं. वर प्रत्येक बोल्टला दोन नट.

ताई, तुमच्या बल्ल्या चालतील. फक्त काँक्रीटमध्ये गाडू नका, लाकूड आक्रसलं की भोवती फट पडते, पाणी उतरतं, आणि वाळवीला घर मिळतं. पेडेस्टलमध्ये जाड पट्टीचा यू आकाराचा चिमटा बसवून त्यात बल्ली धरा, खालून अर्धा-पाऊण इंच मोकळी, आरपार दोन बोल्ट. कापलेल्या टोकाला डांबर दोन हात लावा, पावसाचं पाणी तिथूनच वर चढतं.

अजून एक, हे कुणी विचारलं नाही. पावसाच्या झडीला अडवायला किंवा उन्हासाठी लोक शेडची एक बाजू ताडपत्रीनं बंद करतात, नाहीतर कडबा छपरापर्यंत रचतात. वारा समोरून आला की आत कोंडतो आणि छपरावरची ओढ वाढते. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर आभाळ भरून आलं की ती ताडपत्री सोडून टाका. आणि दरवर्षी मार्चमध्ये पाना घेऊन सगळे नट एकदा फिरवून बघा, अर्धा तास लागतो.