"सगळ्या तपासण्या पास आहेत" म्हणजे बॅटरी चांगली आहे असं नाही

तुमची यादी दोनदा वाचली. ९ वर्षांची हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि मोठ्या बॅटरीवरची मोटर दोन्ही असलेली गाडी), दर सरकारी तपासणीचं किलोमीटर रीडिंग तुम्ही नीट लिहिलंय, मालक म्हणतोय सगळ्या तपासण्या पास आहेत, बॅटरी एकदम ओके, आणि तुम्ही विचारताय की एवढ्यावर गाडी घ्यायची का. माझं मत आधीच सांगतो, गाडी सोडू नका पण टोकनही देऊ नका अजून, कारण तुमच्याच यादीत एक जागा आहे जिथे मी अडलो.

५ व्या वर्षी ६७,०००. ६ व्या वर्षी ६८,२००. ७ व्या वर्षी ६८,९००. म्हणजे आधी वर्षाला १३ हजार पळणारी गाडी पुढच्या दोन वर्षांत मिळून १,९०० किलोमीटर चालली. तुम्ही याच्यापुढे लिहिलंय "कमी चाललीये, चांगलंच आहे ना". नाही हो. साध्या पेट्रोल गाडीतसुद्धा उभं राहणं चांगलं नसतंच, पण हायब्रिडमध्ये ते मोठ्या बॅटरीच्या जिवावर येतं. जुन्या हायब्रिडमध्ये बहुतेक निकेल मेटल हायड्राइड बॅटरी असते, ती नुसती उभी राहिली तरी आतल्या आत उतरत जाते आणि सगळे सेल सारखे उतरत नाहीत, एक जास्त उतरतो, एक कमी. गाडी रोज चालत असेल तर सिस्टिम सतत चार्ज-डिस्चार्ज करत त्यांना बऱ्यापैकी बरोबर ठेवते. महिनोन् महिने उभी राहिली की हा फरक वाढत जातो आणि मग गाडी परत चालायला लागली की कमजोर सेलवरच सगळा ताण येतो. लिथियम बॅटरी इतकी पटकन उतरत नाही पण अगदी कमी चार्जवर पडून राहिली तर तिचंही नुकसान होतंच.

हे मी एवढं जोर देऊन सांगतोय कारण वडिलांसाठी गाडी घेताना मी नेमकी हीच चूक केली होती. १४ महिन्यांत ९०० किलोमीटर, मी खूश, म्हटलं वापरलीच नाहीये. सगळ्या तपासण्या पास होत्या, आणि त्या खोट्या नव्हत्या, त्यात बॅटरी बघितलीच जात नव्हती एवढंच. पहिल्याच उन्हाळ्यात डॅशबोर्डवर हायब्रिड सिस्टिमचा लाल दिवा लागला, बिघाडाचा कोड आला पी०ए८०, म्हणजे बॅटरी पॅक बदला. वडील तेव्हा एकटे गाडी चालवत होते, त्यांचा तो घाबरलेला फोन अजून आठवतो.

तर मुद्दा हा की सरकारी तपासणी बहुतेक ठिकाणी ब्रेक, टायर, दिवे, स्टिअरिंग, सांगाड्याचा गंज आणि धूर बघते. मोठ्या बॅटरीत किती दम उरलाय हे त्या कागदावर येतच नाही. म्हणून तो कागद बॅटरीचा दाखला म्हणून वाचू नका, गाडी कशी जगली याची डायरी म्हणून वाचा, त्या कामाला तो फार उपयोगी आहे. पास-नापास हा शिक्का मी शेवटी बघतो, आधी तारीख आणि रीडिंग शेजारी शेजारी लिहून काढतो, मग बारीक अक्षरातले शेरे. रीडिंग कुठे मागे गेलंय का बघा, पण एकच आकडा वेडावाकडा असेल आणि पुढचे परत सरळ असतील तर टाइप करताना चुकलेलं असू शकतं, किंवा गाडी बाहेरून आलेली असेल तर मैल आणि किलोमीटरचा घोळ. सर्व्हिसच्या बिलांशी ताडून बघितलं की कळतं.

तुमच्या यादीत ८ व्या वर्षी मागच्या ब्रेकवर नापास आणि दुसऱ्या दिवशी पास असं आहे. याची मला काळजी वाटत नाही, उलट हे उभ्या गाडीच्या गोष्टीत बरोबर बसतं. हायब्रिडमध्ये वेग कमी करताना बरंचसं काम मोटर करते, त्यामुळे पॅड खूप वर्षं टिकतात पण डिस्क घासली न गेल्यामुळे गंजते, कॅलिपर (पॅड दाबणारा भाग) अडकतात, डावी-उजवी बाजू सारखी लागत नाही. नवीन डिस्क टाकल्याचं बिल असेल तर विषय संपला. बिल नसेल आणि एका दिवसात पास झाली असेल तर नक्की काय केलं ते विचारा.

धुरावर नापास झालेली असती तर मात्र मी जास्त खोदलं असतं. हायब्रिडचे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) बऱ्याच देशांत चोरीला जातात, इंजिन कमी चालत असल्यामुळे त्यातला मौल्यवान धातू जास्त शाबूत असतो म्हणून, आणि मग त्याजागी हलका माल बसवलेला असतो. टोयोटाची तिसऱ्या पिढीची प्रियस असेल तर ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी यंत्रणा) काजळीने तुंबणं आणि पुढे हेड गॅस्केट (इंजिनच्या वरच्या भागाचं सील) जाणं हा माहितीतला आजार आहे. सकाळी थंड इंजिन सुरू होताना थरथरत असेल तर तिथूनच परत या.

रिकॉल, म्हणजे दोष दुरुस्त करायला कंपनीने गाड्या परत बोलावणं, वेगळं तपासा, ते तपासणीच्या इतिहासात असेलच असं नाही. टोयोटाने फेब्रुवारी २०१४ मध्ये जगभरातून सुमारे १९ लाख प्रियस परत बोलावल्या होत्या, बॅटरीचं व्होल्टेज वाढवणाऱ्या कन्व्हर्टरमधले (हा वेगळा, धुराचा नाही) ट्रान्झिस्टर जास्त तापायचे म्हणून सॉफ्टवेअर बदलायला, आणि २०१८ मध्ये त्याच्याशी जोडलेलं आणखी एक मोठं रिकॉल आलं. आपल्या गाडीवर ते काम झालंय का हे चासी नंबर देऊन कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारता येतं.

आता बॅटरी. मालकाला आधीच सांगून ठेवा की गाडी थंड हवी, गेल्यावर बॉनेटला हात लावून बघा. ओबीडी रीडर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं छोटं यंत्र) आणि हायब्रिडचा डेटा दाखवणारं ॲप घेऊन जा. नुसते कोड नाहीत म्हणून समाधान मानू नका, कोड दोन मिनिटांत पुसता येतात. पण पुसले की रेडिनेस मॉनिटर (गाडी स्वतःच्या चाचण्या पूर्ण करते त्याची नोंद) अपूर्ण दाखवतात आणि बऱ्याच गाड्यांत कोड पुसल्यापासून किती किलोमीटर झाले हा आकडाही वाचता येतो. तो ३०-४० आला तर काल-परवा कुणीतरी काहीतरी पुसलंय, थेट विचारा. (१२ व्होल्टची छोटी बॅटरी काढून परत लावली तरी काही गाड्यांत असं होतं, त्यामुळे लगेच खोटारडा ठरवू नका.) मग ॲपमध्ये ब्लॉकचे, म्हणजे बॅटरीतल्या सेलच्या गटांचे, व्होल्टेज उघडा. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये २८ मॉड्यूल (सेलचे डबे) १४ जोड्यांत, म्हणजे १४ ब्लॉक म्हणून दिसतात. चढावर जोर द्या, शेजारी बसलेल्याला आकडे बघू द्या, सगळे एकत्र खाली-वर झाले तर छान, एखादाच सारखा मागे पडत असेल तर तो आजारी आहे. डॅशवरचा चार्जचा गेज थोड्या अंतरात फुल्लवरून तळाला आणि परत वर असा उड्या मारत असेल तर क्षमता गेलीये. बॅटरीच्या पंख्याची जाळीही बघा, बहुतेक मागच्या सीटजवळ असते, केसांनी-धुळीने भरलेली असेल तर बॅटरी वर्षानुवर्षं तापत राहिलीये. जास्त व्होल्टेजच्या केशरी केबलना मात्र अजिबात हात लावायचा नाही.

बॅटरी बदललीये असं मालक म्हणाला तर नवीन पॅक टाकला की फक्त खराब मॉड्यूल बदलले हे बिलावर बघा. जुन्या सेलमध्ये एक ताजा सेल घुसवला की काही महिन्यांनी दुसरा जातो, मी त्याला दुरुस्ती धरत नाही.

आजच मालकाला फोन करून एवढंच विचारा, ५ व्या ते ७ व्या वर्षात गाडी कुठे उभी होती, मधे कोणी सुरू करत होतं का, आणि परत चालू केली तेव्हा कोणतं काम केलं. आजारपण, परगावी नोकरी, काहीही कारण असू शकतं, लोक खरं सांगतात बऱ्याचदा. उत्तर आणि ब्लॉकच्या व्होल्टेजचा चढावरचा स्क्रीनशॉट इथे टाका, मी बघून सांगतो.