परदेशात ॲप ॲनालिटिक्सच्या नोकरीला निघालायस, तर शब्दांआधी छेद विचारायला शिक

तू लिहिलंस की चार वर्षं वेबसाइटच्या रिपोर्टिंगचं काम केलंय, आता परदेशातल्या एका मोबाइल ॲपवाल्या कंपनीत प्रॉडक्ट ॲनालिस्टची ऑफर आलीय, दोन महिन्यांनी निघायचंय, आणि इंटरव्ह्यूमध्ये रिटेन्शन, कोहॉर्ट, एलटीव्ही, ॲट्रिब्युशन हे शब्द इतक्या वेगात आले की तिकडे मीटिंगमध्ये आपण गप्पच बसून राहू अशी भीती वाटतेय. ताई, कुठले शब्द पाठ करून येऊ, असं विचारलंस. आणि शेवटी जाता जाता हेही लिहिलंस की बोनस 'ॲक्टिव्ह युजर ग्रोथ'वर आहे, ते ठीक आहे का. मी आठ वर्षांपूर्वी अशाच कामासाठी बाहेर आले आणि तेव्हापासून ॲपच्याच आकड्यांत आहे, म्हणून जरा लांबलचक लिहिते, सावकाश वाच.

पाठांतराला आठवडा पुरेल, सगळे मिळून तीसचाळीस शब्द आहेत. खरी अडचण अशी की तोच शब्द दोन कंपन्यांत दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतात आणि कोणी आपणहून सांगत नाही, कारण रोज तोच शब्द बोलणाऱ्याला त्याला दुसरा अर्थ असेल हेच सुचत नाही. नवीन माणूस, त्यात भाषा परकी, त्यामुळे आपणही विचारत नाही. मी नेमकी तिथेच अडकले. रुजू होऊन तीन आठवडे झाले होते, मोठ्या मीटिंगमध्ये मी सातव्या दिवसाचं रिटेन्शन, म्हणजे नव्याने आलेल्यांपैकी किती टक्के लोक टिकले ते, ४१% दाखवलं आणि सगळे थांबले, कारण तिथे वर्षभर तो आकडा १८% च्या आसपास सांगितला जात होता. अर्धा तास माझी क्वेरी, म्हणजे डेटाबेसमधून आकडा काढायची आज्ञा, तपासण्यात गेला आणि क्वेरी बरोबरच होती. माझ्या जुन्या कंपनीत 'सातव्या दिवशी किंवा त्यानंतर कधीही परत आला' तर तो टिकला असं धरायचे, इथे 'बरोबर सातव्या दिवशीच आला' तर. पहिल्याला रोलिंग रिटेन्शन म्हणतात, दुसऱ्याला क्लासिक किंवा एन-डे. दोन्ही बरोबर, पण एकमेकांशेजारी ठेवायचे आकडे नाहीत ते.

तेव्हापासून मी प्रत्येक आकड्याला तीनच प्रश्न विचारते, शाळेतल्या अपूर्णांकासारखे: अंशात काय मोजलंय, छेदात कोण आहे, आणि मोजायची मुदत किती. हे तीन प्रश्न त्यांच्या भाषेत न अडखळता विचारता येतील एवढी तयारी केलीस तरी पुष्कळ आहे.

रिटेन्शनवर जरा थांबते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. कोहॉर्ट म्हणजे एकाच दिवशी किंवा एकाच आठवड्यात ॲप सुरू केलेल्या लोकांचा गट, आणि त्या गटातले किती जण नंतर परत आले हे रिटेन्शन. यात इन्स्टॉलचा दिवस शून्यावा धरायचा की पहिला, इथूनच फरक सुरू होतो. मग दिवस म्हणजे कॅलेंडरचा दिवस की पहिल्या वापरापासूनचे २४ तास? कोणी रात्री ११:५० ला ॲप उघडलं आणि १२:०५ ला परत उघडलं तर कॅलेंडरच्या हिशोबाने तो दुसऱ्या दिवशी 'परत आला', २४ तासांच्या हिशोबाने नाही. रोलिंगची अजून एक गंमत नीट लक्षात ठेव, जुन्या कोहॉर्टचा आकडा महिन्यांनंतरसुद्धा वाढत राहतो कारण कोणीतरी उशिरा परत येतं, आणि नवीन कोहॉर्टला तेवढा वेळच मिळालेला नसतो, त्यामुळे आलेख पाहिला की ॲप दर महिन्याला बिघडत चाललंय असं वाटतं आणि प्रत्यक्षात काहीच झालेलं नसतं. मी यावरून एक पूर्ण टीम घाबरलेली पाहिलीय. आणि रोज न लागणारं ॲप असेल, समजा प्रवासाच्या बुकिंगचं, तर बरोबर सातव्या दिवशी कोण येणार? तिथे आठवडा किंवा महिना असा पट्टा धरून मोजतात. तुझी कंपनी कुठल्या प्रकारचं ॲप बनवते यावर कुठलं रिटेन्शन योग्य हे ठरतं, त्यामुळे निघायच्या आधी ते ॲप स्वतः महिनाभर वापर. आणि चर्न म्हणजे याची उलट बाजू, सोडून गेलेले लोक, पण सबस्क्रिप्शन नसेल तर माणूस 'गेला' हे किती दिवसांच्या शांततेनंतर म्हणायचं हे कोणीतरी ठरवलेलं असतं, तो आकडा विचारून घे.

आता डीएयू आणि एमएयू, दिवसाचे आणि महिन्याचे ॲक्टिव्ह युजर. तू वेबवरून येतोयस म्हणून सांगते, गूगलच्या जुन्या टूलमध्ये, युनिव्हर्सल ॲनालिटिक्समध्ये, 'युजर्स' म्हणजे एकूण युजर होते, त्याच्या जागी आलेल्या गूगल ॲनालिटिक्स ४ मध्ये त्याच नावाखाली ॲक्टिव्ह युजर दिसतात. नाव तेच, अर्थ बदललेला. सेशनचंही, म्हणजे एका सलग वापराचंही, तसंच. ३० मिनिटं काही हालचाल नाही तर सेशन संपलं हा नेहमीचा नियम दोन्हीकडे आहे, पण जुन्यात मध्यरात्री सेशन तुटायचं आणि नव्यात तुटत नाही. एंगेज्ड सेशन म्हणजे जे १० सेकंदांपेक्षा जास्त चाललं, किंवा ज्यात महत्त्वाची इव्हेंट (ॲपमध्ये नोंदली जाणारी कृती, जसं खरेदी) घडली, किंवा निदान दोन स्क्रीन पाहिल्या गेल्या. आणि बऱ्याच कंपन्या हे काहीच वापरत नाहीत, त्यांची स्वतःची व्याख्या असते, एखाद्या ठिकाणी लॉगिन केलं तरच ॲक्टिव्ह, एखाद्या ठिकाणी नोटिफिकेशनवर टॅप करून दोन सेकंदांत बाहेर पडला तरी ॲक्टिव्ह.

तीस दिवसांच्या डीएयूची बेरीज म्हणजे एमएयू नाही, कारण एमएयूमध्ये तोच माणूस एकदाच मोजला जातो. हे साधं वाटतं पण डॅशबोर्डवर ही बेरीज केलेली मी स्वतः पाहिलीय. डीएयूला एमएयूने भागलं की स्टिकीनेस मिळतो, २०% असेल तर सरासरी युजर महिन्यातले साधारण ६ दिवस येतो. आणि 'युजर' म्हणजे माणूस असेलच असं नाही. लॉगिन नसेल तर एकाच माणसाचा फोन आणि टॅबलेट हे दोन युजर होतात, ॲप काढून परत टाकलं की फायरबेसमध्ये, म्हणजे गूगलच्या ॲपसाठीच्या टूलमध्ये, नवीन इन्स्टन्स आयडी (त्या इन्स्टॉलचा ओळख क्रमांक) तयार होतो, म्हणजे जुनाच माणूस नवा होऊन येतो.

इन्स्टॉल हा शब्द सगळ्यात सोपा वाटतो आणि सगळ्यात जास्त भांडणं त्याच्यावरून होतात. स्टोअर डाउनलोड मोजतं, फायरबेसची फर्स्ट ओपन इव्हेंट ॲप पहिल्यांदा उघडल्यावर मोजली जाते, आणि युजर कुठल्या जाहिरातीतून आला ते शोधणारी ॲट्रिब्युशनची टूल्सही साधारण पहिल्यांदा उघडलं की इन्स्टॉल धरतात. डाउनलोड करून कधीच न उघडणारे लोक असतात, त्यामुळे हे आकडे जुळत नाहीत. ॲपलच्या डेव्हलपरसाठीच्या ॲप स्टोअर कनेक्टमध्ये पहिल्यांदा केलेलं डाउनलोड आणि पुन्हा केलेलं डाउनलोड वेगळे दाखवतात, आणि तिथले वापराचे आकडे फक्त डेव्हलपरला डेटा द्यायला हो म्हटलेल्या लोकांचे असतात. तीन ठिकाणचे तीन आकडे दिसले तर कोण खोटं बोलतंय हे शोधू नकोस, कोण काय मोजतंय ते एका कागदावर लिही.

ॲट्रिब्युशन म्हणजे हा युजर कुठल्या जाहिरातीमुळे आला ते ठरवणं. एप्रिल २०२१ मध्ये आयओएस १४.५ पासून ॲपलने ट्रॅकिंगसाठी परवानगी विचारणं सक्तीचं केलं, नाही म्हटलं की जाहिरातीचा आयडी मिळत नाही. मग ॲपलच्या एसकेॲडनेटवर्क या स्वतःच्या ॲट्रिब्युशन व्यवस्थेतून उशिराने आणि एकत्रित केलेली माहिती येते, एकेका माणसाची नाही. त्यामुळे आयफोनवरच्या जाहिरातींचे बरेच आकडे हल्ली अंदाजाने भरलेले असतात आणि हे मान्य करून काम करावं लागतं. शिवाय प्रत्येक जाहिरात नेटवर्क एकच इन्स्टॉल आपल्यामुळेच आलं म्हणतं, सगळ्यांचे दावे जोडले तर एकूण इन्स्टॉलपेक्षा जास्त भरू शकतात. युरोपात जाणार असशील तर २५ मे २०१८ पासून लागू असलेला जीडीपीआर हा वैयक्तिक डेटाचा कायदा आहेच, तिथे संमती न दिलेले लोक तुझ्या टेबलमध्ये नसू शकतात, म्हणजे छेदच अपुरा.

पैशाचे शब्द बघ. १००० ॲक्टिव्ह युजर, त्यातल्या २० जणांनी पैसे दिले, एकूण ४०० डॉलर आले, तर एआरपीयू, म्हणजे दर युजरमागची सरासरी कमाई, ०.४० डॉलर, पण पैसे देणाऱ्यांमागचा एआरपीपीयू २० डॉलर. अंश तोच, छेद बदलला आणि पन्नास पटीचा फरक. त्यात ते ४०० स्टोअरचं कमिशन जायच्या आधीचे की नंतरचे? नेहमीचं कमिशन बराच काळ ३०% होतं, २०२१ मध्ये वर्षाला १० लाख डॉलरच्या आत कमावणाऱ्या छोट्या डेव्हलपरसाठी ॲपलने आणि वर्षाच्या पहिल्या १० लाख डॉलरवर गूगलने ते १५% केलं. एक टीम आधीचा आणि दुसरी टीम नंतरचा आकडा धरून बोलत असेल तर मीटिंग कितीही लांबली तरी एकमत होत नाही. सरासरीसोबत मीडियन, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, नक्की काढ, मोठा खर्च करणारे दोनचार जण सरासरी कुठल्या कुठे नेतात.

एलटीव्ही, म्हणजे एक युजर एकूण किती पैसे देईल, याचं पुस्तकी सूत्र सोपं आहे, महिन्याचा एआरपीयू भागिले महिन्याचा चर्न. २ डॉलर आणि १०% चर्न तर २० डॉलर. पण यात चर्न कायम तेवढाच राहील असं धरलंय, आणि प्रत्यक्षात पहिल्या काही दिवसांत भराभर लोक जातात आणि उरलेले बराच काळ टिकतात, म्हणून हे सूत्र खूप चुकतं. मी नेहमी ९० दिवसांचा किंवा १८० दिवसांचा एलटीव्ही असा मुदतीसकट शब्द वापरते. तो सीएसीशी, म्हणजे ग्राहक मिळवायच्या खर्चाशी ताडून बघतात. सीपीआय मात्र फक्त एका इन्स्टॉलचा खर्च, त्याला सीएसी म्हणू नकोस.

क्रॅशचे, म्हणजे ॲप अचानक बंद पडण्याचे, आकडे शिकायचे राहून जातात आणि मला ते फार महत्त्वाचे वाटतात, कारण तिथे समोर खराखुरा वैतागलेला माणूस असतो. 'आमची ९९.५% सेशन क्रॅशशिवाय' हे ऐकायला छान वाटतं. पण १००० युजर, प्रत्येकाची १० सेशन, म्हणजे १०,००० पैकी ५० क्रॅश, आणि ते ५० वेगवेगळ्या लोकांना आले असतील तर क्रॅशशिवायचे युजर फक्त ९५%. वीसात एक माणूस. अँड्रॉइडवर एएनआर म्हणजे ॲप अडकणं, स्पर्शाला ५ सेकंद प्रतिसाद नाही तर ते धरलं जातं. युजरला जाणवणाऱ्या क्रॅशची १.०९% आणि एएनआरची ०.४७% ही गूगल प्लेची मर्यादा आहे, ती ओलांडली तर स्टोअरमध्ये ॲप कमी दिसू शकतं. दोन्ही रोजच्या ॲक्टिव्ह युजरच्या छेदावर.

अजून एक, जे देश बदलल्यावरच कळतं, ते म्हणजे टाइमझोन. रिपोर्टचा दिवस कुठल्या घड्याळाने संपतो ते पहिल्याच दिवशी विचार. डेटाबेस यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत), डॅशबोर्ड मुख्य ऑफिसच्या वेळेत आणि युजर जगभर, अशी अवस्था असली की डीएयू दोन ठिकाणी दोन येतो. वर्षातून दोनदा घड्याळ बदलणाऱ्या देशात एक दिवस २३ तासांचा आणि एक २५ तासांचा असतो, त्या दिवशीची घट किंवा वाढ बघून कोणाला मेल पाठवू नकोस. आठवडा रविवारी सुरू होतो की सोमवारी तेही बघ.

गेल्यावर पहिल्या आठवड्यात ट्रॅकिंग प्लॅन माग, म्हणजे कुठली इव्हेंट कधी नोंदली जाते त्याची यादी. बऱ्याच ठिकाणी ती नसते किंवा जुनी असते. नसेल तर तू सुरू कर, दहा ओळींनी सुरुवात केलीस तरी चालेल, प्रत्येक मेट्रिकसमोर, म्हणजे मोजल्या जाणाऱ्या आकड्यासमोर, अंश, छेद, मुदत. नवीन माणसाला पहिले दोनतीन महिने कुठलाही प्रश्न विचारायची मोकळीक असते, ती पूर्ण वापर. मी त्या ४१% नंतर अशी शीट बनवली, भीत भीत टीमला पाठवली, आणि ती अजून तिथे वापरतात.

आता बोनसचं. 'ॲक्टिव्ह युजर ग्रोथ' एवढंच लिहिलं असेल तर सही करायच्या आधी साधा मेल कर. ॲक्टिव्ह म्हणजे रोजचे की महिन्याचे, कुठल्या टूलमधला आकडा, वाढ मागच्या तिमाहीशी ताडणार की मागच्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी, आणि जाहिरातीतून आणलेले युजर त्यात धरणार का. शेवटचा मुद्दा आवर्जून विचार, कारण जाहिरातीचं बजेट तुझ्या हातात नसणार, ते कापलं की आकडा पडेल आणि बोनस तुझा जाईल. आणि वाढ टक्क्यांत सांगितली असेल तर मूळ आकडा कुठल्या तारखेचा तेही लिहून घे. असं विचारलं तर वाईट दिसेल का ही शंका तुला येईल, मला आली होती, पण ॲनालिस्ट घेणाऱ्यांना ॲनालिस्टने व्याख्या विचारलेली खटकत नाही. उत्तर आलं की मला पाठव, सही करायच्या आधी आपण एकदा एकत्र बघू.