फ्री थ्रो सुधारायचाय? आधी एवढंच कर

अरे टेन्शन नको घेऊ, फ्री थ्रोला (बास्केटबॉलमध्ये फाउलनंतर लाइनवरून मिळणारा मोकळा शॉट) समोर कोणी हात आडवा घालत नाही, त्यामुळे हाच शॉट लवकर सुधारतो. इथे इंदूरला रेसकोर्स रोडच्या बास्केटबॉल कॉम्प्लेक्सला नवीन पोरं दिसतात ना, बरीचशी नुसत्या दंडाच्या जोरावर फेकतात, रिंग 3.05 मीटर उंच आहे भाऊ, जोर गुडघ्यातून आला नाही तर बॉल सपाट जाऊन रिंगच्या पुढच्या कडेलाच आपटणार.

- रूटीन ठरव: बॉलचे जमिनीवर दोन टप्पे, एक श्वास, शॉट. 5 सेकंद मिळतात, पुरतात.
- बॉल बोटांवर, तळव्यावर नाही. दुसरा हात फक्त आधाराला, त्याच्या अंगठ्यानं ढकलू नको (हे सगळेच करतात).

आर्क-बिर्कचं (बॉल हवेत किती कमान घेतो त्याचं) गणित नंतर बघू. आणि दमल्यावर पण मार, मॅचमध्ये धापा टाकतच लाइनवर जावं लागतं.