माचू पिचूच्या आधीचं पेरू

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा पेरूचा बेत वाचला. कुस्को, माचू पिचू, पुन्हा कुस्को. जायला हरकत नाही, पण माचू पिचू 15व्या शतकातलं. त्याच्या दोन हजार वर्षं आधीही अँडीजमध्ये दगडी मंदिरं उभी होती. माझं ऐकशील तर निम्मे दिवस उत्तरेला दे आणि त्यातलंच एक मंदिर, चाविन दे वांतार, बघ.

लिमाहून बसने आधी वारास हे डोंगरातलं गाव गाठायचं. उंची 3,050 मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट. तेव्हा पहिले दोन दिवस नुसतं गावात फिर, पाणी पी, कोकाच्या पानांचा चहा घे. सह्याद्री पालथा घातलाय ही शेखी तिथे चालत नाही. डोकं दुखायला लागलं तर वर चढायचं नाही. चाविनची वाट साडेचार हजार मीटरच्या आसपासच्या बोगद्यातून पलीकडे उतरते.

चाविनला वरून बघितलंस तर निराशा होईल, पडझडच दिसेल. खरं मंदिर पोटात आहे. अरुंद, अंधाऱ्या दगडी वाटा एकमेकींना छेदतात, आणि एका छेदावर साडेचार मीटर उंचीची ग्रॅनाइटची शिळा उभी आहे : लान्सोन. बाहेर आलेले सुळे, केसांच्या जागी साप, एक हात वर, एक खाली. ती अजून मूळ जागीच आहे. घाईच्या गटाबरोबर गेलीस तर मिनिटभरात पुढे ढकलतील, म्हणून सकाळी लवकर जा.

गावातलं संग्रहालय मात्र चुकवू नकोस. 2001 साली इथे उत्खननात कोरीव नक्षीचे 20 शंख सापडले. हे शंख उबदार समुद्रातले, एक्वाडोरच्या बाजूचे. इतक्या डोंगरात ते वाजवण्यासाठीच आणले होते. बोटांनी धरून धरून गुळगुळीत झालेली त्यांची कड नीट बघ. (सोमवार टाळ, त्या दिवशी बंद असतं.)

वारासला परतल्यावर एक दिवस यांगानुकोच्या तळ्यांसाठी ठेव. वास्करानचं शिखर, 6,768 मीटर, तिथून अगदी अंगावर येतं. काठच्या क्वेन्युआल झाडांची तांबडी साल कागदासारखी सुटते. हात लाव, पण सोलू नकोस.

मे ते सप्टेंबर कोरडा हंगाम. तिकिटं काढायच्या आधी तारखा कळव.