वात बदलली, पेटंट मिळेल का?

व्हेपर चेंबर म्हणजे तांब्याच्या दोन पत्र्यांची चपटी, हवाबंद डबी. आतून वातीचे अस्तर, थोडेसे पाणी आणि हवा काढून घेतलेली पोकळी. तापलेल्या इलेक्ट्रॉनिक सुट्या भागाजवळ पाण्याची वाफ होते, ती थंड बाजूला जाऊन पाणी होते आणि वात ते पाणी ओढून परत आणते. समईत वात तेल वर चढवते तेच हे केशाकर्षण. या वातीच्या रचनेवर पेटंट मिळते का, हे विचारणारी पत्रे या वेळी बरीच आली. त्यांतली निवडक इथे घेतली आहेत.

प्रश्न: आम्ही सौर पंपाचे कंट्रोलर बनवतो. मे महिन्यात शेतातली पेटी तापते, आयजीबीटीखालचा (वीज चालू-बंद करणाऱ्या सुट्या भागाखालचा) हीटसिंक ८५ अंशांवर जातो आणि कंट्रोलर ट्रिप होतो. म्हणून १२० × १०० × ३ मि.मी.चा व्हेपर चेंबर करून घेतला. उष्ण भागापुरती सिंटर केलेली (न वितळवता, भट्टीत तापवून कण एकमेकांना चिकटवलेली) तांब्याची पावडर आणि बाकी सगळीकडे १०० मेशची, म्हणजे इंचाला १०० छिद्रांची, तांब्याची जाळी. जाळीची टोके पावडरीच्या थरात २ मि.मी. रुतवून दोन्ही एकत्र भट्टीत घातली. साध्या ॲल्युमिनियम हीटसिंकपेक्षा तापमान ९ अंशांनी कमी आले. पेटंट मिळेल का? (एक उद्योजक, चोपडा)

उत्तर: 'व्हेपर चेंबर वापरून कंट्रोलर थंड केला' एवढ्यावर मिळणार नाही. वातीने द्रव परत आणण्याची कल्पना जनरल मोटर्सच्या रिचर्ड गॉगलर यांच्या १९४४च्या अमेरिकन पेटंटात आहे. अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेच्या जॉर्ज ग्रोव्हर यांनी तीच १९६३मध्ये स्वतंत्रपणे प्रत्यक्षात आणली आणि त्यांचे पेटंट १९६६चे आहे. पावडर, जाळी आणि खाचा हे वातीचे तिन्ही प्रकार जुने आहेत, दोन प्रकार एकत्र वापरणेही जुनेच. तुमच्या पत्रात नवे असण्याची शक्यता एकाच ठिकाणी दिसते: तो २ मि.मी.चा सांधा.

तो का महत्त्वाचा, हे आकड्यांत पाहू. १०० मेशच्या जाळीची प्रभावी केशिका-त्रिज्या सुमारे १२७ मायक्रॉन. ६० अंशांच्या पाण्याला ती १,००० पास्कलच्या आसपास ओढ देते, म्हणजे पाणी जेमतेम ११ सें.मी. उभे चढते. तुमचा चेंबर १२० मि.मी. उंच आहे आणि पेटी खांबावर उभी टांगलेली असते. आयजीबीटी वरच्या अंगाला आला, तर नुसत्या जाळीला तिथपर्यंत पाणी पोचवताच येणार नाही, वरचा भाग कोरडा पडेल. १०० मायक्रॉनच्या कणांची सिंटर पावडर याच्या सुमारे सहापट ओढ देते. पण तिच्यातून पाणी वाहायला जाळीच्या मानाने तेवढाच जास्त अडथळा होतो. म्हणून लांबचा प्रवास जाळीतून आणि शेवटची ओढ पावडरीची, ही वाटणी बरोबर आहे. मात्र त्या दोघांत केसाएवढी फट राहिली तरी पाणी ती ओलांडत नाही, आणि भट्टीत पावडर आकसते तेव्हा ही फट पडतेच. जाळी आधीच आत रुतलेली असेल, तर आकसणारी पावडर तिला उलट घट्ट धरते. हे तुम्ही जाणूनबुजून केले असेल, तर सांगण्यासारखे काही आहे.

आता कायदा. पेटंट अधिनियम १९७०च्या कलम ३(एफ)प्रमाणे, आपापले काम स्वतंत्रपणे नेहमीच्याच पद्धतीने करणाऱ्या जुन्या साधनांची नुसती मांडणी किंवा फेरमांडणी हा शोध ठरत नाही. परीक्षक पहिल्यांदा याच कलमावर बोट ठेवील. त्यानंतरचा मुद्दा: या क्षेत्रातल्या जाणकाराला हे सहज सुचले असते का? दोन्हींना उत्तर एकच, मोजमाप. पण तुमचे ९ अंश इथे कामाचे नाहीत, कारण तुलना ॲल्युमिनियमच्या ठोकळ्याशी केली आहे. तुलना जुन्या व्हेपर चेंबरशी हवी.

त्यासाठी चार नमुने करा: नुसती जाळी, नुसती पावडर, दोन्ही शेजारी टेकवून, आणि दोन्ही रुतवून. पत्रा एकच, चेंबरची जाडी एकच, पाण्याचे वातीच्या छिद्रांशी प्रमाण एकच. प्रत्येकाला ५०, १००, १५० वॅट द्या. आडवा, उभा (उष्णता खाली) आणि उभा (उष्णता वर), अशा तिन्ही स्थितींत मोजा. बाहेरचे तापमान २५ आणि ४५ अंश, दोन्ही घ्या, कारण आपल्याकडचा मे ४५चाच आहे. उष्ण आणि थंड बाजूंच्या तापमानांतला फरक भागिले वॅट म्हणजे औष्णिक रोध. १०० वॅटला फरक ८ अंश असेल तर रोध ०.०८ अंश प्रति वॅट. वॅट वाढवत नेल्यावर रोध अचानक उसळतो, तो बिंदू वात कोरडी पडल्याचा. तो न चुकता टिपा.

चौथा नमुना तिसऱ्याएवढाच निघाला तर अर्जाचा खर्च करू नका. चांगला निघाला तर रुतवण्याची खोली ०.५, १, २ आणि ४ मि.मी. ठेवून पुन्हा मोजा. दाव्यात (अर्जातल्या, नेमका कशावर हक्क मागता हे सांगणाऱ्या वाक्यात) '१.५ ते ३ मि.मी.' असा पट्टा लिहायचा तर पट्ट्याच्या बाहेर काय बिघडते, हेही दाखवावे लागते. नाहीतर तो आकडा मनाला येईल तसा निवडला असेच वाचले जाते.

मुख्य दाव्यात 'अधिक कार्यक्षम', 'सुधारित' असे शब्द नकोत. रचना सांगा, साधारण अशी: दोन धातूच्या पत्र्यांमधील बंद पोकळी, उष्ण भागावर सिंटर कणांचा पहिला केशिका थर, त्याभोवती जाळीचा दुसरा थर, दुसऱ्या थराची कड पहिल्या थराच्या जाडीत अमुक ते अमुक मि.मी. रुतलेली आणि दोन्ही कणबंधाने (सिंटर करून) जोडलेले. आयजीबीटी, सौर पंप, मेशचा क्रमांक हे सगळे पुढच्या अवलंबित दाव्यांत. मुख्य दाव्यात 'सौर पंप' लिहिलात तर हीच वात एलईडी दिव्यात घालणारा मोकळा सुटेल.

अर्जाआधी शोध घ्या. 'व्हेपर चेंबर' हा शब्द टाकून ढीग निघेल, त्यापेक्षा वर्गीकरण वापरा: एफ२८डी १५/०४, आणि त्यातही वातीच्या बांधणीसाठी एफ२८डी १५/०४६. इलेक्ट्रॉनिक्स शीतनासाठी एच०५के ७/२० आणि एच०१एल २३/४२७. चिनी, तैवानी आणि जपानी अर्ज यंत्रानुवादाने वाचाच, आकृत्या तर अनुवादाशिवायही कळतात. या विषयातले बहुतेक अर्ज तिथेच बुडतात.

प्रश्न: कॉलेजच्या प्रकल्प प्रदर्शनात आमचा चेंबर कापून, आतली वात दाखवली आणि व्हिडिओही टाकला. आता अर्ज करता येईल? (विद्यार्थी, भुसावळ)

उत्तर: व्हिडिओत जेवढे दिसले तेवढ्याचे नावीन्य गेले. कलम ३१ची १२ महिन्यांची सवलत आहे, पण ती केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनाला आणि विद्वत्‌सभेत वाचलेल्या किंवा तिच्या नियतकालिकात छापलेल्या निबंधाला. कॉलेजचे प्रदर्शन सहसा त्यात बसत नाही, व्हिडिओ तर नाहीच. न दाखवलेली सुधारणा असेल (कणांचा आकार, भरण्याची पद्धत) तर तेवढ्यावर अर्ज करा.

शेतावर चाचणी घेणाऱ्यांसाठीही इथेच सांगतो. कलम ३२प्रमाणे, शोधाचे स्वरूपच असे असेल की चाचणी चारचौघांत घ्यावी लागते, तर अर्जाआधीच्या एका वर्षातली वाजवी चाचणी आड येत नाही. विक्री त्यात धरत नाहीत. 'चार शेतकऱ्यांना दिले, पैसे घेतले, पण ती चाचणीच होती' हे टिकवणे कठीण जाते.

प्रश्न: दोन चेंबर व्हॅक्यूम करतानाच मध्ये खचले. तिसरा आठवडाभर उत्तम चालला, मग एक कड थंडच राहू लागली. कुठे चुकते? हे अपयश पेटंटात लिहायचे का? (वर्कशॉप मालक, धुळे)

उत्तर: खचण्याचे कारण बहुधा भट्टी. पावडर सिंटर करताना तांबे ९०० अंशांपलीकडे जाते आणि पत्रा पूर्ण नरम पडतो. आत निर्वात केले की बाहेरची हवा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो दाबते. १०० × १०० मि.मी.च्या पत्र्यावर हा भार एक टनाच्या दहाव्या भागाएवढा, म्हणजे १०० किलोच्या आसपास होतो. ०.५ मि.मी.चा नरम पत्रा दोन पत्र्यांमध्ये १० मि.मी. अंतरावर ठेवलेल्या आधाराच्या खांबांवर आरामात उभा राहतो, २५ मि.मी. अंतरावर वाकतो. खांब तांब्याचेच घ्या आणि त्यांच्याभोवती पावडर सिंटर करा, म्हणजे तेच वरच्या पत्र्यावरचे पाणी खाली आणणारी वात होतात.

थंड कड म्हणजे आत द्रव न होणारा वायू. वाफ त्याला ढकलत सर्वांत थंड कोपऱ्यात नेते आणि तो कोपरा बाद होतो. तो तीन वाटांनी येतो: पाण्यात विरघळलेली हवा, पत्र्यावरचे तेल-ऑक्साइड आणि सांध्यातली बारीक गळती. पहिल्या दिवसापासून कड थंड असेल तर पाणी किंवा व्हॅक्यूम कच्चे. आठवड्याने झाली असेल तर गळती किंवा मळ. डिस्टिल्ड पाणी अर्धा तास उकळून घ्या. पत्रे आधी ॲसिटोनने, मग सौम्य आम्लाने धुऊन, भट्टीत हायड्रोजन-नायट्रोजन मिश्रणात ऑक्साइड उतरवा आणि मग उघड्यावर ठेवू नका, हवेत राहिलेल्या तांब्यावर पाणी नीट पसरत नाही. सीलबंद करण्याआधी पाणी किंचित जास्त भरून चेंबर १००च्या थोडा वर तापवा, पाणी भरण्याची नळी क्षणभर उघडून वाफेबरोबर उरलेला वायू जाऊ द्या, आणि लगेच नळी दाबून बंद करा. तोंडाशी चेहरा नको, हातात जाड मोजे हवेत. पैसे वाचवायला ॲल्युमिनियमचा पत्रा घेऊन आत पाणी भरू नका, त्यातून हायड्रोजन सुटतच राहतो.

पाणी किती? दोन्ही पत्र्यांवर ०.५ मि.मी.ची वात, १०० × १०० मि.मी., छिद्रे निम्मी: वातीचे घनफळ १० मि.लि., छिद्रे ५ मि.लि. म्हणजे ५ मि.लि. किंवा किंचित जास्त. फार भरले तर वात बुडते आणि वाफेची वाट अडते. १५० वॅट वाहायला मिनिटाला पावणेचार ग्रॅम पाण्याचीच वाफ व्हावी लागते, तेच पाणी फिरत राहते. आणि पाणी भरलेला चेंबर रीफ्लो भट्टीत (सर्किट बोर्डाचे सोल्डर वितळवणाऱ्या भट्टीत) घालू नका. २५० अंशांना आत सुमारे ४० बार दाब होतो, डबी फुगते किंवा फाटते.

पेटंटात अपयश लिहायचे का? अवश्य. 'खांब २५ मि.मी.वर ठेवले तेव्हा पत्रा वाकला' हे तुलनात्मक उदाहरण तुमच्या १० मि.मी.ला वजन देते.

प्रश्न: डिझाइन नोंदणी स्वस्त पडते म्हणतात. वातीची नक्षी डिझाइनमध्ये घालावी, की भट्टीची पद्धत गुपित ठेवावी? (शहादा)

उत्तर: डिझाइन अधिनियम २००० डोळ्यांना दिसणाऱ्या रूपाला १० वर्षे, वाढवून १५, संरक्षण देतो. डबी बंद झाल्यावर वात कोणाला दिसते? आणि रचना कामासाठी असेल तर डिझाइनमध्ये बसत नाही. वातीसाठी तो मार्ग सोडा.

गुपिताचा प्रश्न जास्त नाजूक आहे. भट्टीचा तापमान-वेळ आलेख प्रतिस्पर्ध्याला डबी कापून कळत नाही, त्यामुळे तो लपवणे फायद्याचे वाटते. पण पेटंट अधिनियमाचे कलम १०(४) तुम्हाला माहीत असलेली सर्वांत चांगली पद्धत उघड करायला सांगते. दावा केलेला सांधा त्या आलेखाशिवाय बनतच नसेल, तर तो लपवून पेटंट मागता येत नाही. उत्पादन जलद किंवा स्वस्त करणाऱ्या पण सांध्याशी संबंध नसलेल्या युक्त्या (साचा लवकर सोडवण्याचे तंत्र, भट्टीत थर लावण्याची पद्धत) खुशाल घरात ठेवा. आणि नमुना बाहेरच्या भट्टीवाल्याकडे देण्याआधी गोपनीयतेच्या करारावर सही घ्या, नंतर नव्हे.

प्रश्न: खर्च किती, अर्ज मराठीत चालेल का? (जळगाव)

उत्तर: मराठी चालत नाही, इंग्रजी किंवा हिंदीच. खानदेशासाठी कार्यालय मुंबईचे, पण सगळे ऑनलाइन होते, कागदावर दिल्यास शुल्क दहा टक्के जास्त. व्यक्ती, स्टार्टअप, लघुउद्योग आणि शैक्षणिक संस्था यांना अर्ज १,६०० रुपये. ३० पानांपुढे दर पानाला १६०, १० दाव्यांपुढे दर दाव्याला ३२०. म्हणजे आकृत्या धरून ३८ पाने आणि १२ दावे असतील तर १,६०० + १,२८० + ६४०, एकूण ३,५२०. परीक्षणाची विनंती, फॉर्म १८, आणखी ४,०००. २०२४च्या दुरुस्तीनंतर ती ३१ महिन्यांत द्यावी लागते. ती दिली नाही तर अर्ज मागे घेतल्यासारखा धरतात आणि पुष्कळ जण इथेच हरतात. अर्जदारांत एक महिला असेल, किंवा स्टार्टअप वा लघुउद्योग असेल, तर फॉर्म १८एने ८,००० रुपयांत जलद परीक्षण मागता येते. एजंटची फी वेगळी.

मोजमाप पुरे झाले नसेल तर आधी तात्पुरता अर्ज करून तारीख धरा, पूर्ण अर्ज १२ महिन्यांच्या आत. मात्र त्या तात्पुरत्या अर्जात सांध्याची आकृती आणि खोली असलीच पाहिजे, जे त्यात नाही त्याला ती तारीख मिळत नाही. परदेशात अर्ज करायचा तर भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबा किंवा आधी परवानगी घ्या, कलम ३९ त्यात सूट देत नाही.

प्रश्न: केळीच्या खोडाच्या धाग्याची वात व्हेपर चेंबरमध्ये घातली तर नवे ठरेल ना? (रावेर)

उत्तर: नवे ठरेलही, पण चालणार नाही. बंद डबीत गरम पाण्यात धागा हळूहळू विघटित होतो, वायू सोडतो, आणि वर सांगितलेली थंड कड महिन्याभरात हजर. शिवाय ब्रेझिंगच्या (डबीचे सांधे जोडण्याच्या) उष्णतेत तो आधीच जळतो. हाच धागा उघड्या बाष्पशीतनात, कूलरच्या पॅडमध्ये, वापरून पाहा. तिथे वायू कोंडत नाही आणि कुजला तर बदलता येतो. पेटंटचा विचार करायचा तर बुरशी न धरण्यासाठी धाग्यावर काय प्रक्रिया केली, तिथून करा.

प्रश्न: पेटीवर 'पेटंट पेंडिंग' कधीपासून छापता येईल? (अमळनेर)

उत्तर: अर्जाला क्रमांक मिळाला त्या दिवसापासून, तात्पुरता अर्जही चालतो. त्याआधी छापले तर कलम १२०खाली दंड. 'पेटंटेड' हा शब्द मंजुरी हाती येईपर्यंत नाही.