पिकअपच्या हीटरमधून जळका वास : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : निफाडहून पहाटे द्राक्षं भरून निघतो. यंदाच्या थंडीत पहिल्यांदा हीटर लावला तेव्हा करपल्यासारखा वास आला, दहा मिनिटांत गेला. गाडी गॅरेजला न्यावी का?

एवढ्यावर नको. डिझेल पिकअपच्या हीटरमध्ये विस्तव नसतो. इंजिनचं गरम कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव), साधारण 85 ते 95 अंशांचं, डॅशबोर्डमागच्या हीटर कॉइलमधून फिरतं आणि ब्लोअर त्यावरून हवा मारतो. आठ-नऊ महिन्यांची धूळ त्या कॉइलवर बसलेली असते, तीच तापते. दोन-तीनदा हीटर चालवला की वास जायला हवा. नाही गेला, तर वायपरखालची जाळी काढून पाला साफ करा आणि ग्लोव्ह बॉक्स उतरवून ब्लोअरच्या पंख्यात उंदराचं घरटं आहे का ते बघा. शेडमध्ये उभ्या राहणाऱ्या गाडीत ते हमखास सापडतं.

मात्र 95 अंशांना प्लास्टिक जळत नाही. त्यामुळे प्लास्टिक किंवा रबराचा वास आला तर कॉइलवर संशय घेऊ नका. (काही नव्या गाड्यांत जोडीला विजेवर तापणारा हीटर असतो, तेवढा अपवाद.) मूळ शोधायला हत्यारही लागत नाही. ब्लोअर चालू ठेवून नॉब थंडवर न्या. वास तसाच राहिला, तर दोष विजेच्या भागात किंवा बॉनेटखाली. आता बाहेरची हवा बंद करून आतलीच फिरवा. वास कमी झाला, तर तो बॉनेटखालून येतोय.

प्रश्न : ब्लोअर 1, 2, 3 वर चालत नाही, फक्त 4 वर चालतो. प्लास्टिकचा वास येतो. रेझिस्टर बदलला, महिन्याभरात तोही गेला. मध्ये 20 अँपिअरचा फ्यूज उडाला म्हणून 30 चा टाकलाय.

तो 30 चा फ्यूज आजच काढा. फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो. तुम्ही वायरीलाच फ्यूज करून ठेवलंय. फ्यूज बॉक्सच्या झाकणावर जो आकडा छापलाय तोच टाकायचा.

खालचे तीन वेग रेझिस्टरमधून, म्हणजे करंट अडवून वेग कमी करणाऱ्या भागातून जातात, चौथा थेट. म्हणून फक्त चौथा उरला की रेझिस्टर गेला हे बरोबर. पण नवा रेझिस्टर महिन्यात जातो तेव्हा त्याला मारणारा दुसराच असतो, आणि बहुतेक वेळा ती ब्लोअरची मोटर असते. बुश (मोटरचा दांडा ज्यात फिरतो ती कडी) सुकले की मोटर जड फिरते आणि जास्त करंट ओढते. मोटर बाहेर काढून पंखा बोटाने फिरवा. सोडल्यावर तो आपसूक थोडा फिरत राहायला हवा. तिथेच अडकला किंवा खरखरला, तर मोटर बदला. करंट मोजायचा तर डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर घ्या, स्वस्तातले बरेचसे फक्त एसी मोजतात. दुसरं कारण हवा. रेझिस्टर मुद्दाम हवेच्या वाटेत बसवलेला असतो, वाऱ्याने गार राहावा म्हणून. वाट पाल्याने तुंबली की तो भाजून निघतो.

तिसरा संशयित कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लास्टिकचा जोड, आणि प्लास्टिकचा वास बहुधा त्याचाच. ओढून बघा : एखादी पिन तपकिरी झालेली किंवा तिच्याभोवतीचं प्लास्टिक फुगलेलं दिसेल. पिन सैल झाली की तिथे अडथळा तयार होतो. 15 अँपिअर करंट आणि अवघा 0.1 ओहमचा अडथळा धरला, तरी त्या एका पिनवर 22 वॅटच्या वर उष्णता होते, म्हणजे जवळजवळ 25 वॅटच्या सोल्डरिंग आयर्नइतकी. ब्लोअर 4 वर ठेवून मल्टीमीटरचं एक टोक कपलरच्या अलीकडे, दुसरं पलीकडे त्याच वायरीवर लावा. अर्ध्या व्होल्टच्या वर आलं तर कपलर बाद. नवा बसवताना वायर मूळ जाडीचीच घ्या, जोड क्रिंप करून (पक्कडीने दाबून) हीट-श्रिंक, म्हणजे तापवल्यावर आवळणारी नळी चढवा. वायरी पिळून काळी टेप गुंडाळली, तर तोच आजार परत येईल. आणि म्युझिक सिस्टीम किंवा फॉगलॅम्पचा जोड ब्लोअरच्या वायरीवरून काढलेला असेल, तर आधी तो सोडवा.

प्रश्न : वास जळका नाही, गोडसर आहे. काचेवर आतून वाफ धरते, पुसली तरी चिकट राहते.

गोडसर वास कूलंटचा, म्हणजे हीटर कॉइल गळतेय. क्लीनर बाजूच्या पायाखालचं मॅट उचलून हात लावा, ओल चिकट लागेल. इंजिन गार असताना टाकीतली कूलंटची पातळी बघा. घरी पोचण्यापुरता उपाय म्हणजे कॉइलला जाणारे दोन्ही होस काढून एकमेकांना जोडणं, दोन्हीकडे क्लिप लावून. हीटर चालणार नाही, इंजिन चालेल. गरम इंजिनचं झाकण उघडू नका, आणि सांडलेलं कूलंट कुत्र्या-मांजरांना विषारी असतं, ते धुऊन टाका.

प्रश्न : सिग्नलला थांबलो की जळक्या ऑइलचा वास आत येतो, पळताना नाही.

टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाचं पॅकिंग बघा. तिथून झिरपलेलं ऑइल तापलेल्या मॅनिफोल्डवर (इंजिनचा धूर बाहेर नेणाऱ्या नळीवर) किंवा टर्बोवर पडून जळतं. गाडी पळताना वारा तो धूर मागे नेतो, थांबल्यावर तो वायपरखालच्या जाळीतून आत ओढला जातो. इंजेक्टरच्या (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या भागाच्या) बुडाशी काळा कार्बन जमलेला असेल, तर त्याखालचा वॉशर गळतोय आणि आत येतोय तो जळलेला वायू. त्यात वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. दुरुस्ती होईपर्यंत काचा थोड्या उघड्या ठेवा, आणि इंजिन चालू ठेवून केबिनमध्ये झोपू नका.

प्रश्न : बीएस-6 गाडी आहे, ऊसतोडीच्या फडात जाते. हीटर बंद असतानाही कधीकधी करपट वास येतो.

एप्रिल 2020 पासूनच्या, बीएस-6 हे प्रदूषणाचे निकष पाळणाऱ्या या डिझेल गाड्यांत बहुतेक ठिकाणी सायलेन्सरमध्ये काजळीचा फिल्टर असतो. तो ठरावीक काळाने स्वतःची काजळी जाळतो, तेव्हा आतलं तापमान 600 अंशांच्या आसपास जातं. आयडल (गाडी उभी असतानाचा इंजिनचा वेग) थोडं वाढलेलं आणि गाडी बंद केल्यावरही रेडिएटरचा पंखा फिरत राहिलेला दिसला, तर हेच चाललंय. काळजी आहे ती पाचटाची. फडातून निघताना खाली वाकून सायलेन्सरवर अडकलेलं पाचट आकड्याने ओढून काढा, आणि तापलेली गाडी वाळल्या पाचटावर उभी करू नका.