बांधावर गॅस लाइनचा बोर्ड आहे, शेततळं खोदू का?

भाऊ, तुमचं रान जालन्याकडं समृद्धीच्या कडेला, बांधावर गॅस लाइनचा बोर्ड, अन् तुम्हाला शेततळं खोदून पाण्याचा पाइप गॅस लाइनच्या पलीकडं न्यायचाय. जेसीबीवाला म्हणतो लाइन लई खोल असती, काही होत नाही. मी खोदकामाच्याच धंद्यात आहे म्हणून सांगतो, त्याचं ऐकू नका.

आधी शेततळ्याचं. 1962 च्या पाइपलाइन कायद्यानं कंपनीला लाइन जाते त्या जमिनीच्या पट्ट्यात फक्त वापराचा हक्क मिळतो, जमीन तुमचीच राहते, सोयाबीन कापूस तूर खुशाल घ्या. पण त्याच कायद्याच्या कलम 9 नुसार पट्ट्यात बांधकाम, विहीर, तळं, झाड यातलं काहीच चालत नाही. म्हणजे शेततळं पट्ट्याच्या बाहेरच घ्यावं लागेल, अनुदान मंजूर असलं तरी. पट्टा नेमका कुठून कुठं ते तुमच्या नोटीशीच्या कागदात सापडंल.

पाण्याचा पाइप मात्र परवानगी काढून नेता येतो. बोर्डावरच्या नंबरला फोन लावा, त्यांचा माणूस येऊन लाइन मार्क करून देतो, शक्यतो काम होईस्तोवर तो तिथं उभाच पाहिजे. कॉन्ट्रॅक्टर लावला असंल तर त्याला 'कॉल बिफोर यू डिग' ॲपवर नोंद करायला सांगा, मार्च 2023 पासून ते चालू आहे. बोर्डावरून स्वतः अंदाज बांधू नका, तो बरोबर लाइनच्या डोक्यावरच असतो असं नाही, नांगराला आडवा येऊ नये म्हणून बांधाला रोवलेला असतो. अन् खोलीचं म्हणाल तर अशा लाइनवर साधारण मीटरभर माती असती, त्यातबी लेव्हलिंगला माती खरवडली किंवा पावसानं वाहून गेली तर तेवढीबी राहत नाही. मीटरभर म्हणजे जेसीबीच्या बकेटला काय लागतंय!

मार्किंग झाल्यावर हातानं चाचणी खड्डा घ्यायचा, खोऱ्यानं, हळूहळू. टिकाव-पहार नको. खाली पिवळी पट्टी किंवा जाळी लागली की समजा आलो. लाइन डोळ्यानं दिसल्याशिवाय मशीन जवळ आणायची नाही. आपल्याकडं काळ्या मातीखाली मुरूम अन् त्याखाली पाषाण लागतो, मग लोक लगेच ब्रेकर लावतात नाहीतर सुरुंग, ते तर गॅस कंपनीला विचारल्याशिवाय अजिबात नाही. लाइनसोबत त्याच चरात ऑप्टिकल फायबरबी असती, ती तुटली तरी भानगडच.

आता सगळ्यात जास्त लपवली जाणारी गोष्ट. बकेटचा दात पाइपाला घासला, गॅस काही निघाला नाही, ड्रायव्हर गपचूप माती ढकलतो. पण वरचं कोटिंग निघालं की तिथून लोखंड गंजायला लागतं अन् लाइन नंतर कधीतरी फुटती, म्हणून साधा ओरखडा असला तरी बुजवू नका, फोन करा, वाद घालतील तर घालू द्या.

अन् गॅस निघालाच तर वासाची वाट बघू नका. शहरातल्या घरगुती गॅसमध्ये मुद्दाम वास घालतात, मोठ्या लाइनमध्ये तो नसूबी शकतो. सुंऽऽ आवाज येतो, धूळ उडती, ओल्या मातीत बुडबुडे दिसतात. मशीन आहे तिथंच सोडायची, मागं घेत बसायचं नाही, मोबाइल, बिडी, मोटरचं बटण काही नाही, वारा जिकडून येतोय तिकडं लांब जायचं अन् तिथून कंपनीला अन् 112 ला फोन. पेटलाच तर पाणी मारू नका. विझवला अन् गॅस चालूच राहिला तर तो साचून पुन्हा भडकतो, व्हॉल्व्ह बंद करणं कंपनीच्या माणसाचंच काम.

शेततळ्याची जागा बदलायची तर सहायक कृषी अधिकाऱ्याला (आधीचा कृषी सहायक) आधी विचारा, नाहीतर अनुदान अडकंल.